नववीतल्या मुलाला वाचता येत नाही, आणि हे इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही

खडूफळा

मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. बावीस वर्षं झाली. गेल्या चार महिन्यांत जे पाहिलं ते इथे मांडतोय, कारण शिक्षकांच्या खोलीत हा विषय काढला की दोन मिनिटांत गाडी 'मोबाईलने पोरं वाया गेली' इथे येऊन थांबते आणि पुढे सरकतच नाही.

वर्गात धडा वाचायला मी मुलांना आळीपाळीने उठवतो. नववीतल्या एका मुलाचा नंबर आला की त्याचा घसा बसलेला असायचा. दुसऱ्यांदा चष्मा घरी राहिला होता. तिसऱ्यांदा पुस्तकच नव्हतं. मुलगा हुशार, अगदी तरतरीत. वडिलांची पिकअप आहे. भाड्याचे फोन तोच घेतो, कुठल्या बाजार समितीत कांदा काय भावाने गेला हे त्याला शाळेत येण्याआधी ठाऊक असतं, गाडीचा कुठला पार्ट कुठे स्वस्त मिळेल ते तोच शोधून देतो. एक दिवस शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि दुसरीच्या पातळीची, आठ-दहा ओळींची गोष्ट पुढे ठेवली.

अक्षरं येतात. काना-मात्रेपर्यंत रेटत जातो. 'प्रत्येक'पाशी अडतो. 'दुष्काळ'ला 'दुकाळ' म्हणतो, म्हणजे पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाज. आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात निसटलेली असते. गोष्ट कशाबद्दल होती विचारलं तर मान खाली.

मी विचारलं, "मग फोनवर सगळं कसं करतोस रे?" त्याने करून दाखवलं. काही शोधायचं तर माइकचं चिन्ह दाबून बोलायचं. उत्तर व्हिडिओत मिळतं. कुणाचा मोठा मेसेज आला तर "व्हॉइस पाठव" म्हणायचं. घरी कागद आला की त्याचा फोटो काढायचा आणि फोनकडून वाचून घ्यायचा. दिवसातले कितीतरी तास तो फोनवर असतो आणि त्यात एकही अख्खं वाक्य स्वतः वाचत नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत होता. चौथीचं पूर्ण वर्ष घरी गेलं. जोडाक्षरं पक्की होण्याचं, अक्षर लावत वाचणारं मूल सलग वाचू लागण्याचं नेमकं तेच वय. पुढे आठवीपर्यंत ढकलगाडी.

माझं म्हणणं असं की फोनने या मुलाचं वाचन हिरावून घेतलं नाही, कारण वाचन त्याच्याकडे नव्हतंच. फोनने ती उणीव झाकली. पूर्वी वाचता न येणारं पोर कुठेतरी अडायचं. एसटीच्या पाटीपाशी, पत्रापाशी, दुकानाच्या यादीपाशी. अडलं की कुणाला तरी कळायचं. आता ते कुठेच अडत नाही.

हा एकटा मुलगा नाही. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्था मुलांच्या शिक्षणाची करते ती पाहणी. तिच्या २०२३च्या फेरीत १४ ते १८ वयाच्या ३४ हजारांहून जास्त मुलामुलींना घरी जाऊन तपासलं होतं. २६ राज्यांतले २८ ग्रामीण जिल्हे, महाराष्ट्रातून नांदेड. साधारण चारातल्या एकाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता आला नाही. आणि त्याच पाहणीत जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला माझा वर्ग दिसला.

तुमच्याकडे काय दिसतंय? शिक्षकच पाहिजेत असं नाही, आईवडिलांनीही लिहा.

पानवेल

सर, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे प्रकार वेगळा आहे, पण मुळाशी तेच असावं अशी शंका येते. मुलगी पंधरा वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमात. ती भरपूर वाचते. फोनवर इंग्रजीत रात्री उशिरापर्यंत लांबलचक कथा वाचत असते, स्वतः लिहितेही. मराठी मात्र घरात बोलण्यापुरतं. मैत्रिणींशी मराठीत गप्पा मारते त्या रोमन अक्षरांत. गेल्या महिन्यात आजीने तिला स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र दिलं, वाढदिवसाचं. तिने ते माझ्याकडे आणून दिलं, "आई, वाचून दाखव ना." आजी तिथेच बसली होती.

ती निरक्षर नाही, हुशार आहे, हे मी सगळ्यांना सांगत असते. पण त्या दिवशी सासूबाईंचा चेहरा बघवला नाही.

ऑरेंज सिटी

मी डी.एड. कॉलेजात शिकवायचो, आता निवृत्त. पानवेलताई, तुमच्या लेकीच्या निमित्ताने एक फरक सांगतो, तो आपल्याकडे फारसा कुणी लक्षात घेत नाही.

मेसेजमधल्या मोडक्यातोडक्या स्पेलिंगने मुलांची भाषा बिघडते, असा इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी मोठा गहजब झाला होता. पुढे तिथल्या कॉव्हेन्ट्री विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा ते बारा वर्षांची मुलं तपासली (हे २००९मध्ये छापून आलं), तर उलटंच निघालं. जी मुलं अशी लघुरूपं जास्त वापरत होती त्यांचं शब्दवाचन चांगलं होतं. शब्द तोडायचा तर त्याचे आवाज आधी कानाला कळावे लागतात, हे त्यामागचं कारण असावं. त्यामुळे 'चॅटिंगने भाषा बिघडते' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालत आलो.

पण तो दिलासा मराठीला तसाच्या तसा लागू होत नाही. इंग्रज पोर मोडकं लिहितं तरी इंग्रजी अक्षरांतच लिहितं. आपलं पोर रोमनमध्ये मराठी लिहितं तेव्हा देवनागरी त्याच्या डोळ्यांसमोरून जातच नाही. 'न' आणि 'ण' एकच, 'ल' आणि 'ळ' एकच, वेलांटी पहिली का दुसरी हा प्रश्नच नाही. शब्द दिसतो कसा, याची ओळख डोळ्यांना वारंवार पाहूनच होते. दिवसात दोनशे मेसेज मराठीत लिहूनही ती ओळख शून्य.

यावर एक साधी गोष्ट करता येते. घरच्या ग्रुपवर सगळ्या मोठ्यांनी देवनागरीतच लिहायचं. मुलांनी काहीही लिहावं, आपण देवनागरी सोडायची नाही. निदान डोळ्यांखालून तरी जाईल.

कपाटाची किल्ली

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे, अर्धवेळ. नाव असं का घेतलंय ते सांगते. मी रुजू झाले तेव्हा शाळेची सगळी पुस्तकं चार लोखंडी कपाटांत होती आणि किल्ली कार्यालयात. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून कपाट उघडायचं ते तपासणीला आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाचे फोटो काढायला. मग आपण म्हणायचं की मुलं मोबाईलमुळे वाचत नाहीत. मुलाच्या खिशात फोन आहे, तो कधीही उघडतो. पुस्तकाला कुलूप आहे. यात मुलाचा दोष किती?

किल्ली मिळवायला मला दीड वर्ष लागलं. आता दुपारच्या सुट्टीत कपाटं उघडी असतात. वर्षभरात अकरा पुस्तकं गेली. मुख्याध्यापकांना मी सांगितलं की अकरा पुस्तकं कुणीतरी घरी ठेवून घेतली, ही चांगली बातमी आहे. त्यांना पटलं नाही, पण किल्ली परत मागितली नाही.

आठवी-नववीची मुलं काय नेतात, तर बोधकथा कुणी नेत नाही. भुताच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची चरित्रं, सापांवरची पुस्तकं, मोटार दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक आहे, त्याची पानं सुटली आहेत इतकं फिरलंय. आणि 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी त्यातल्या गोष्टी छापून, टाचून ठेवते. पुस्तकाला घाबरणारं मूल चार पानांना घाबरत नाही. खडूफळा सर, तुमच्या त्या मुलाला जाड पुस्तक देऊ नका, एवढंच सांगायचं होतं.

कडेगावकर

आमच्या तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे, पेपरात वाचलं असेल. २०२२च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो तेव्हा सुरू. मधला दीड तास अभ्यास, वाचन, बोलणं. आधी लोक हसले होते. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, ग्रामपंचायतीतले लोक घरोघर फिरून बघायचे.

माझी बहीण त्या बाजूला दिलीय म्हणून सांगतो, खरा फरक पोरांचे फोन बंद झाल्याने पडला नाही. बायांच्या मालिका आणि बाप्यांचे फोनही बंद झाले, त्याने पडला. माझ्या घरी मी एकट्याने करून बघितलं. पोराला म्हटलं ठेव फोन, आणि मी स्वतः रील बघत बसलो. चार दिवस चाललं. पोरगा काही बोलला नाही, नुसता माझ्या हाताकडे बघायचा. अख्खं गाव एका वेळेला बंद करतं तेव्हा कुणाचं काही चुकत नाही, कुणी मागे पडत नाही. एकेका घराने करायची ही गोष्ट नाही असं माझं मत झालंय.

बारावी सायन्स

मी सतरा वर्षांचा आहे. मोठ्यांच्या धाग्यावर लिहू का नको असं झालं होतं.

कडेगावकर काका, मी फोन बंद केला तर माझा अभ्यास बंद होतो. आमच्या गावात फिजिक्सचा क्लास नाही, जिल्ह्याच्या ठिकाणच्या क्लासची फी परवडत नाही. मला जे काही फिजिक्स येतं ते यूट्यूबवर शिकलोय. कोण कुठला सर आहे, एकेक गोष्ट पाच पाच वेळा मागे घेऊन ऐकता येते. पुस्तकातला तोच भाग मला कळला नव्हता. त्यामुळे कुणी फोनला सरसकट वाईट म्हटलं की मला वाईट वाटतं.

पण वाचनाबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे. मला वाचता येतं, अडखळत नाही. तरी अर्धं पान झालं की हात आपोआप खिशाकडे जातो. फोन वाजलेला नसतो. प्रश्न मोठा असला, सात-आठ ओळींचा, तर मी शेवटची ओळ आधी वाचतो आणि उत्तर शोधायला लागतो. मधली अट सुटते. सराव परीक्षेत माझे जास्त मार्क यातच जातात. विषय येत असतो. आधी मला वाटायचं मी घाई करतो. आता वाटतं मला सलग वाचायची सवयच राहिली नाही. ही परत येते का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

ऑरेंज सिटी

येते. तुझं वय लहान आहे, नक्की येते.

तू जे सांगितलंस ते तुझ्या एकट्याचं नाही. २०१८मध्ये एक मोठं काम छापून आलं. २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून, मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक, कागदावर वाचलेलं जास्त कळतं का पडद्यावरचं, हे पाहिलं. कागद पुढे. गोष्टीच्या वाचनात फारसा फरक नव्हता, माहितीच्या मजकुरात होता, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा जास्त. म्हणजे नेमकी तुझी परीक्षा. माझ्या मनात जे राहिलं ते हे, की वर्षं पुढे जातील तशी पडद्याची सवय होऊन हा फरक कमी होईल असं वाटत होतं, तर तो वाढत गेलेला दिसला. पडद्यावर आपण वरवर नजर फिरवायला शिकतो आणि तीच सवय पुढे लागते.

व्हिडिओवर शीक, जरूर शीक. फक्त तो संपला की तोच भाग पुस्तकातून वाच. आता तो कळेल, कारण गोष्ट माहीत आहे. आणि प्रश्नपत्रिका कागदावरच सोडव. प्रत्येक अटीखाली पेन्सिलीने रेघ मार. महिनाभर कर आणि इथे येऊन सांग.

गावशीव

मुलींचं कुणीच काही लिहिलं नाही. 'असर'च्या त्याच अहवालात आहे: फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, तशाच मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. आमच्याकडे फोन भावाचा असतो. बहिणीला गृहपाठाचा फोटो उतरवून घेण्यापुरता मिळतो, तोही आईसमोर.

आणि त्याच अहवालात स्वतःच्या भाषेतलं वाचन मुलींचं बरं आहे. ७६ टक्के मुली वाचू शकल्या, मुलगे ७०.९ टक्के. इंग्रजी आणि गणितात मात्र मुलगे पुढे. यावरून कुणी 'बघा, फोन नाही म्हणून मुली वाचतात' असा निष्कर्ष काढू नये. मी मुलींच्या वसतिगृहावर काम करते. त्या वाचतात कारण शाळा सुटली तर लग्न ठरेल हे त्यांना माहीत असतं. ज्यांना फॉर्म भरायचा, शिष्यवृत्ती शोधायची, कुठे कुठला कोर्स आहे बघायचं, त्या मुलींना फोन नसणं भारी पडतं. एकाच घरात मुलाला फोन कमी करायला हवा आणि मुलीला द्यायला हवा, असं मला रोज दिसतं.

सिडनीकर आई

इथे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाची खाती गेली. पहिला आठवडा रडारड. त्याने पुस्तक उचललं का? अजून तरी नाही. यूट्यूब खात्याशिवाय बघता येतंच. व्हॉट्सॲप यातून वगळलं आहे, तर कोल्हापूरच्या मावसभावांचा ग्रुप एकदम जोरात सुरू झाला. आणि पोरं तिकडून देवनागरीत लिहितात. शनिवारच्या मराठी शाळेत जे तीन वर्षांत झालं नाही ते आता तो वाचायला बघतोय, कारण भाऊ आपल्याबद्दल काय बोलतात ते कळायला हवं ना. ऑरेंज सिटी काका, तुमचं ग्रुपचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

ऑरेंज सिटी

सिडनीकर ताई, बरं वाटलं. याच धाग्याला धरून आणखी एक. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये एक कल्पना मांडली: टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे, जसजसं गाणं म्हटलं जाईल तसतसा शब्द रंगत जाईल. पुढे 'चित्रहार' आणि 'रंगोली'त हे झालं. गाणं पाठ असतं, म्हणून डोळा शब्दाच्या पुढे धावतो आणि वाचन नकळत घडतं. माध्यमाशी भांडण्यापेक्षा त्यातच अक्षर घुसवायचं. सर, तुमच्या विद्यार्थ्याला कुठलं मराठी गाणं तोंडपाठ आहे? ते कागदावर लिहून द्या. जोडाक्षरं त्यात असतातच, आणि ती त्याच्या तोंडात आधीच बसलेली आहेत.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण तुमचं सांगणं करून बघत होतो.

जाड पुस्तक दिलं नाही. गाण्यापासून सुरुवात केली. त्याला जत्रेतली दोन गाणी आणि एक पोवाडा पाठ निघाला, पोवाड्यात जोडाक्षरांचा पाऊस. मग 'किशोर'मधल्या दोन-दोन पानांच्या गोष्टी. आणि फोनच कामाला लावला: एक परिच्छेद वाचायचा, रेकॉर्ड करायचा, ऐकायचा, पुन्हा वाचायचा, तीनदा. मला पाठवायचा तो फक्त तिसरा. पहिले दोन त्याचे त्याच्यापाशी. वर्गासमोर अडखळायची लाज इतकी होती की घशाची, चष्म्याची कारणं त्यातूनच येत होती. आपलाच आवाज आपणच ऐकायचा म्हटल्यावर ती गेली. मध्ये एकदा म्हणाला, "सर, कागद फोन वाचून दाखवतो की, मग मी कशाला?" मी त्याला वडिलांच्या गाडीच्या कर्जाचा कागद आणायला सांगितला. फोनने तो वाचला, तीन मिनिटं सलग. मी विचारलं, हप्ता चुकला तर काय होईल ते यात कुठे होतं? तो पुन्हा ऐकायला लागला. ऐकलेल्या कागदावर बोट ठेवता येत नाही, मागचं-पुढचं ताडून बघता येत नाही. त्या दिवशी ती एक ओळ त्याने स्वतः शोधली. पंधरा मिनिटं लागली. तो अजून सलग वाचत नाही, पण 'प्रत्येक'पाशी थांबत नाही.

आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास बसतो. चार मुलांना मी सांगितलं होतं. गेल्या शनिवारी सहा जण आले. न सांगता आलेल्यांत एक मुलगी होती, तिला मी वर्गातली चांगली वाचणारी समजत आलो. धडा वाचायला तिला मी स्वतःहून उठवायचो, पाहुणे आले की तर हमखास. तिच्यापुढे नवी गोष्ट ठेवली आणि तिला दुसरी ओळ लागेना. धड्यांचं वाचन यूट्यूबवर असतं. भावाच्या फोनवर ती ते आदल्या रात्री ऐकून अख्खा धडा पाठ करून यायची, आणि वर्गात पुस्तकाकडे बघत म्हणायची. दोन वर्षं. मला पत्ता नाही.

जाताना तिने विचारलं, "सर, पुढच्या शनिवारी कुठली गोष्ट आहे ते आधी सांगाल का?" मी नाही म्हणालो, आणि मग तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेलो.

कपाटाची किल्ली ताई, चौथी-पाचवीच्या पातळीच्या पण पंधरा वर्षांच्या मुलांना बाळबोध वाटणार नाहीत अशा गोष्टी लागतील. सहा प्रती.

कपाटाची किल्ली

भुताच्या चार आहेत, सापांवरच्या दोन, एक ट्रक ड्रायव्हरची. सोमवारी छापून पोस्टात टाकते. पत्ता मेसेजमध्ये कळवा. त्या मुलीसाठी एक वेगळी ठेवली आहे, ती तुम्हीही आधी वाचू नका, तिच्याबरोबरच उघडा.